मागच्या गाडीला कोण थांबवणार?

सायकलवर मित्राला डबलसीट घेऊन उतारावरून खाली येण्याचा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेल. एकटे असताना जो ब्रेक चटकन लागतो, तोच ब्रेक दोघे असताना करकचून दाबला तरी सायकल आणखी चार हात पुढे जाऊनच थांबते. आता अशी कल्पना करा, की तुमचा मित्र कॅरिअरवर बसलेला नाही. तो चाके लावलेल्या एका पेटीत बसला आहे आणि ती पेटी एका दांड्याने तुमच्या सायकलला मागून जोडली आहे. तुम्ही ब्रेक दाबलात. सायकल मंदावली. पण पेटीला हे कोण सांगणार? ती आपल्याच वेगाने पुढे येऊ पाहते आणि दांड्यातून तुम्हाला पाठीमागून रेटा देते. रस्ता सरळ असेल तर एक वेळ निभावेल. वळण असेल, तर हा रेटा तुमचे मागचे चाक बाजूला ढकलतो आणि दोघेही रस्त्यावर आडवे होता.

सायकलच्या जागी मोटार आणि पेटीच्या जागी बाराशे किलोग्रॅमचा ट्रेलर ठेवा, म्हणजे आजचा आपला प्रश्न तयार झाला. हा प्रश्न ऑस्ट्रेलियात अनेकांना सोडवावा लागतो. तेथे सुटीत मोटारीमागे ट्रेलर जोडून दूरच्या, ओसाड प्रदेशात मुक्कामाला जाण्याची मोठी हौस आहे. तंबू, अंथरुणे, स्टोव्ह, पाण्याची टाकी असे सारे बिऱ्हाडच त्या ट्रेलरमध्ये असते. रस्ते मात्र डांबरी असतीलच असे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरीपासून क्वीन्सलंडमधील बर्ड्सव्हिलपर्यंत जाणारा बर्ड्सव्हिल ट्रॅक ५१७ किलोमीटर लांब आहे. वायव्येकडील किंबर्ली प्रदेशातील गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा आहे. खडी, माती, धूळ, मध्येच ओलांडावे लागणारे ओढे आणि नद्या, असा हा प्रवास असतो. बाजारात तयार ट्रेलर मिळत असले तरी स्वतःच्या अंगणात लोखंडी चौकट जोडून ट्रेलर बनवणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. चौकट झाली, आस बसला, चाके चढली, की शेवटी एक प्रश्न समोर येतो: ब्रेक कोणता बसवायचा?

बाजारात तीन-चार प्रकार मिळतात. स्वस्त कोणता, टिकाऊ कोणता, हे दुकानदार सांगेल. पण कोणता योग्य, हे सांगायला थोडे भौतिकशास्त्र लागते. ते तुमच्या शाळेच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

थांबवणे म्हणजे काय?

धावत्या वस्तूजवळ गतिज ऊर्जा असते. वस्तुमान m आणि वेग v असेल तर ती ½mv² इतकी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपला ट्रेलर १,२०० किलोग्रॅमचा आहे आणि तो ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२.२ मीटर वेगाने धावत आहे असे समजू. गणित केले तर गतिज ऊर्जा जवळजवळ ३ लाख जूल येते.

ही ऊर्जा नाहीशी करता येत नाही. ती दुसऱ्या रूपात न्यावी लागते. ब्रेक नेमके हेच करतो. घर्षणाने तो गतीची उष्णता करतो. ३ लाख जूल म्हणजे किती? एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसने वाढेल. म्हणजे ट्रेलर एकदा थांबवला, की पातेलेभर पाणी जवळजवळ उकळायला आणण्याइतकी उष्णता कोठेतरी निर्माण होते. ती कोठे जाणार, हे ब्रेक निवडणाऱ्याने आधीच ठरवायचे असते.

ट्रेलरला ब्रेकच नसेल, तर ही सारी उष्णता मोटारीच्या ब्रेकला पोटात घ्यावी लागेल. शिवाय अंतरही वाढेल. समजा मोटार २,००० किलोग्रॅमची आहे आणि तिचे ब्रेक जास्तीत जास्त १२,००० न्यूटन बल लावतात. मोटार एकटी असताना तिचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होईल आणि ती सुमारे ४१ मीटरांत थांबेल. मागे १,२०० किलोग्रॅमचा ब्रेक नसलेला ट्रेलर जोडला, की तेच १२,००० न्यूटन बल आता ३,२०० किलोग्रॅमना थांबवणार. वेग कमी होण्याचा दर ३.७५ वर येतो आणि थांबण्याचे अंतर सुमारे ६६ मीटर होते. फरक पंचवीस मीटरांचा. समोर गुरे आडवी आली असतील तर त्या पंचवीस मीटरांतच सारे काही घडून जाते.

अंतराहूनही मोठा धोका रेट्याचा आहे. वरच्या उदाहरणात थांबेपर्यंत ट्रेलर मोटारीला ४,५०० न्यूटन बलाने ढकलत असतो. हे ढकलणे मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे, जोडणीच्या गोळ्यावर होते. मोटार आणि ट्रेलर एका रेषेत असतील तर ते सरळ पुढे जाते. पण दोघांत थोडा जरी कोन असला तरी मोटारीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. मग कोन वाढतो, म्हणून फेकणे वाढते, म्हणून कोन आणखी वाढतो. खिशातला चाकू मिटावा तशी मोटार ट्रेलरवर मिटते.

म्हणून ब्रेक निवडताना विचारायचा पहिला प्रश्न असा: हा ब्रेक रेटा बसल्यावर जागा होतो, की रेटा बसण्याच्या आधीच?

कायद्याची पायरी

ऑस्ट्रेलियात याबाबत नियम आहेत. जोडलेल्या व भरलेल्या ट्रेलरच्या चाकांवरून जमिनीवर पडणारा भार ७५० किलोग्रॅमपर्यंत असेल, तर एका आसाच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा नाही. त्याहून जास्त आणि २,००० किलोग्रॅमपर्यंत भार असेल, तर निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेच. २,००० किलोग्रॅमच्या पुढे सर्व चाकांना ब्रेक हवेत आणि ते चालकाला आपल्या जागेवरून लावता आले पाहिजेत. शिवाय ट्रेलर चुकून मोटारीपासून सुटला तर ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटे तसेच राहतील, अशी योजनाही हवी.

आपला ट्रेलर मधल्या गटातला आहे. म्हणजे ब्रेक लावायचाच आहे; कोणता, एवढेच ठरवायचे आहे. पण ध्यानात ठेवा, कायदा सांगतो ती किमान गरज. खडकाळ उतार कायदा वाचत नाही.

रेट्यानेच लागणारा ब्रेक

पहिला प्रकार मोठा चतुर आहे. यात ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचे टोक सरकते असते. मोटार मंदावली, की ट्रेलर पुढे येतो आणि हे टोक आत दाबले जाते. त्या दाबाने एक केबल ओढली जाते किंवा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलला जातो. सिलिंडर असेल तर पुढचे काम तेल करते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा नियम येथे कामी येतो. तेलाचा दाब दोन्ही चाकांपर्यंत जातो आणि ब्रेक लागतो. इंग्रजीत याला ओव्हरराइड ब्रेक म्हणतात. आपण याला रेट्याचा ब्रेक म्हणू.

याचे गुण उघड आहेत. मोटारीत काहीही बदल करावा लागत नाही; ज्या मोटारीला जोडणीचा गोळा आहे तिच्यामागे हा ट्रेलर चालतो. तारा नाहीत, बॅटरी नाही. जितका रेटा जोराचा, तितका ब्रेकही जोराचा. सपाट, चांगल्या रस्त्यावर तो इमानाने काम करतो. युरोपात अशा प्रकारचे ब्रेक फार मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर पाहा. हा ब्रेक जागा होतो तो रेटा बसल्यावरच. जे टाळायचे आहे तेच याला आधी घडावे लागते!

तीव्र उतारावर याचा अर्थ काय होतो ते पाहू. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, असा मातीचा उतार आहे. गुरुत्वाकर्षणामुळे आपला ट्रेलर उताराच्या दिशेने सुमारे २,३५० न्यूटन बलाने खाली ओढला जातो. म्हणजे सुमारे २४० किलोग्रॅम वजनाइतका हा रेटा आहे आणि तो क्षणभराचा नाही, उतार संपेपर्यंतचा आहे. चालक शहाणा असेल तर पहिला गिअर टाकून इंजिनाच्या आधाराने हळूहळू उतरतो. पण इंजिन धरून ठेवते ते फक्त मोटारीच्या चाकांना. माती ओली असेल तर तीच चाके आधी घसरतात, मागून रेटा चालूच असतो आणि ट्रेलरला तेवढा वेगळा ब्रेक लावण्याचा चालकाच्या हाती काहीच उपाय नसतो.

लांब घाट असेल तर दुसरी अडचण येते. मोटार इंजिनावर उतरत असताना सरकते टोक सतत दाबलेले राहते, म्हणून ट्रेलरचा ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो. दहास एक असा उतार एक किलोमीटरभर उतरताना ट्रेलर सुमारे १०० मीटर खाली येतो. त्याची स्थितिज ऊर्जा mgh या सूत्राने सुमारे १२ लाख जूल. एका थांबण्याच्या चौपट!

आणखी एक गंमत. ट्रेलर मागे ढकलायचा असेल तेव्हाही सरकते टोक दाबले जाते आणि ब्रेक लागतो. म्हणून मागे घेण्यापूर्वी खाली उतरून एक अडकवणी लावावी लागते. ती आपोआप सुटणारी करण्याच्या युक्त्या आता निघाल्या आहेत. पण साधा प्रकार असेल, तर अरुंद कड्यावर, चढ मागे असताना, हे खाली उतरणे किती सुखाचे असेल याची कल्पना करा.

विजेचा ब्रेक: काम चाकाचेच

दुसरा प्रकार विजेचा. नावावरून वाटते की वीज चाक थांबवते. तसे नाही आणि यातच त्याची खुबी आहे.

चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा ड्रम असतो. त्याच्या आत, न फिरणाऱ्या तबकडीवर दोन अर्धगोल ब्रेक-शू असतात. त्यांवर घर्षणाचे अस्तर लावलेले असते. हे अस्तर आपल्याकडचे मिस्त्री ज्याला लायनर म्हणतात तेच. या दोन शूंच्या मध्ये एक तरफ असते आणि तरफेच्या खालच्या टोकाला एक लहानसा विद्युतचुंबक. प्रवाह सुरू झाला, की चुंबक ड्रमच्या फिरत्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो. ड्रम फिरत असल्याने तो चुंबकाला आपल्याबरोबर ओढतो, तरफ कलते आणि शू ड्रमच्या आतल्या कडेवर दाबले जातात. म्हणजे थांबवण्याची शक्ती फिरत्या चाकातूनच येते. वीज फक्त इशारा देते.

म्हणूनच एका चुंबकाला १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट एवढी वीज पुरते. मोटारीच्या पुढच्या दिव्याच्या बल्बला याहून जास्त लागते! मात्र याच कारणाने उभा ट्रेलर धरून ठेवायला हा ब्रेक उपयोगी नाही. चाक फिरत नाही तर चुंबकाला कोण ओढणार, आणि रात्रभर बॅटरी कोण खर्च करणार? त्यासाठी केबलने चालणारा वेगळा हँडब्रेक लागतो.

किती प्रवाह सोडायचा हे मोटारीतला नियंत्रक ठरवतो. चालकाने पायाने ब्रेक दाबला, की नियंत्रक ट्रेलरलाही प्रवाह पाठवतो. ट्रेलर पुढे येऊन ढकलण्याची वाट तो पाहत नाही. आणि नियंत्रकावर एक छोटी कळ किंवा खटका असतो. तो हाताने दाबला, की फक्त ट्रेलरचा ब्रेक लागतो, मोटारीचा नाही.

या खटक्याचे मोल फार मोठे आहे. एक दोरी जमिनीवर वाकडीतिकडी ठेवा. मागून ढकला, ती आणखी वाकडी होईल. पुढून ओढा, ती सरळ होईल. मोटार आणि ट्रेलर यांचेही तसेच आहे. उतारावर ट्रेलरला हलकासा ब्रेक लावून ठेवला, की तो मोटारीला रेटण्याऐवजी मागे ओढत राहतो आणि दोघेही ताणलेल्या दोरीसारखे एका रेषेत राहतात. सपाट रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागला, तरी हाच खटका त्याला ताळ्यावर आणतो. रेट्याच्या ब्रेकमध्ये ही सोय नाही.

नियंत्रकातही एक सूक्ष्म गोष्ट आहे. काही नियंत्रक मोटार किती वेगाने मंदावते हे ओळखून त्या प्रमाणात प्रवाह सोडतात. जुन्या रचनेत त्यासाठी छोटा लोलक असे. बस अचानक थांबली की तुम्ही पुढे झुकता, तसा तो पुढे झुके. पण तीव्र उतारावर मोटारच पुढे कललेली असते. मग लोलकाला ब्रेक लागला काय आणि उतार लागला काय, दोन्ही सारखेच! आजच्या इलेक्ट्रॉनिक त्वरणमापकाचीही हीच पंचाईत होऊ शकते. म्हणून आडरानात जाणाऱ्यांसाठी असे नियंत्रक मिळतात, ज्यांत प्रवाहाचे प्रमाण चालकाला स्वतः ठरवता येते.

प्रमाण ठरवण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या खडीच्या रस्त्यावर कमी वेगाने जायचे, ब्रेक लावून पाहायचा आणि प्रवाह थोडाथोडा वाढवायचा. ट्रेलरची चाके फिरायची थांबून घसरू लागली, की प्रमाण किंचित कमी करायचे. कारण फिरते चाक दिशा धरून ठेवते. अडकलेले चाक साबणासारखे कोणीकडेही सरकते.

ड्रम की डिस्क?

आता उष्णता कोठे जाते तो प्रश्न. ड्रममध्ये ती ओतीव लोखंडात साठते आणि हळूहळू हवेत जाते. समजा दोन्ही ड्रम मिळून १६ किलोग्रॅम लोखंड आहे. एक किलोग्रॅम ओतीव लोखंड एक अंशाने तापवायला सुमारे ४६० जूल लागतात. मग ३ लाख जूलच्या एका थांबण्याने ड्रमचे तापमान सुमारे ४० अंशांनी वाढेल. वरच्या घाटाचे १२ लाख जूल एकट्या ड्रमनी घेतले आणि वाटेत काहीच उष्णता गेली नाही असे धरले, तर वाढ १६० अंशांची! फार तापल्यावर अस्तराचे घर्षण कमी होते आणि ब्रेक 'मऊ' पडतो. ड्रम प्रसरण पावून शूंपासून दूर जातो, तेही एक कारण आहे.

डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी चाकाबरोबर फिरते आणि दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. तबकडी उघडी असल्याने वारा तिला लवकर थंड करतो. नदी ओलांडताना पाणी लागले तरी ते फेकले जाते आणि पॅड तिला पुसून काढतात. ड्रममध्ये मात्र पाणी आणि त्याबरोबर बारीक गाळ शिरून बसतो. तो गाळ अस्तराला आणि चुंबकाला पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. म्हणून ड्रमवाल्याने नदीबाहेर आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक लावून ड्रम वाळवायचे असतात आणि सहलीहून परतल्यावर ते उघडून धुवायचे असतात.

मग सगळ्यांनी डिस्कच का बसवू नयेत? डिस्कला ड्रमइतकी 'आपसूक मदत' मिळत नाही. ड्रममध्ये फिरती कड शूला स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे थोड्या बलात जास्त ब्रेक लागतो. डिस्कवर पॅड दाबायला मोठे बल हवे, आणि ते चुंबकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी ट्रेलरवर विजेवर चालणारा पंप बसवून तेलाला शंभराहून अधिक वातावरणांइतका दाब द्यावा लागतो. हा झाला तिसरा प्रकार: इशारा विजेचा, जोर तेलाचा, घर्षण डिस्कचे. ब्रेक म्हणून तो उत्तम; पण महाग. शिवाय सांभाळायच्या गोष्टी वाढतात. ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट-३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, म्हणून दाब पुढे पोचत नाही आणि पास्कलचा नियम खरा असूनही ब्रेक लागत नाही!

चाक मोठे केले, ब्रेक तोच ठेवला

घरी ट्रेलर बनवणारे एक गोष्ट हौसेने करतात. मोटारीला आहेत तीच मोठी चाके ट्रेलरलाही बसवतात, म्हणजे एकच जादा चाक दोघांना चालते. कल्पना चांगली आहे, पण तिची किंमत ब्रेकला मोजावी लागते.

ट्रेलरचा वेग सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी करायचा तर १,२०० किलोग्रॅमला ६,००० न्यूटन, म्हणजे दर चाकाच्या तळाशी ३,००० न्यूटन बल हवे. हे बल चाकाच्या त्रिज्येवर काम करते. बल आणि त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजे परिबल. ते ब्रेकला पेलायचे असते. चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर असेल तर परिबल ८४० न्यूटन-मीटर. ती ०.३७ मीटर केली, की १,११० न्यूटन-मीटर. ट्रेलरचे वजन तेवढेच, पण ब्रेकवरचे काम जवळजवळ एक तृतीयांशाने वाढले! म्हणून १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरचा ड्रम कोष्टकात या वजनाला पुरेसा दिसला, तरी मोठ्या चाकांसाठी १२ इंची, म्हणजे ३०५ मिलिमीटरचा ड्रम घेणे शहाणपणाचे. मोठ्या ड्रममध्ये लोखंडही जास्त, म्हणून उष्णताही जास्त मावते.

तारेचा हिशेब

विजेचा ब्रेक घेतला आणि तार बारीक वापरली, तर सारे मुसळ केरात. मोटारीतल्या नियंत्रकापासून ट्रेलरच्या चाकापर्यंत ८ मीटर अंतर धरू; जाऊन-येऊन १६ मीटर तांबे. तारेचा छेद १.५ चौरस मिलिमीटर असेल तर तिचा रोध सुमारे ०.१८ ओहम. दोन चुंबकांचे मिळून जवळजवळ ६ अँपिअर त्यातून गेले, की ओहमच्या नियमाने सुमारे एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हा तोटा ०.४ व्होल्टवर येतो. पाचशे किलोमीटरचा खडबडीत रस्ता तारांना सतत हादरे देतो. म्हणून त्या चौकटीला घट्ट बांधाव्या लागतात, आसापाशी थोडी सैल वेटोळी ठेवावी लागते आणि दगड लागू नयेत म्हणून नळीत घालाव्या लागतात. ब्रेकची इतर सारी हुशारी एका तुटलेल्या तारेपुढे फुकट जाते.

मग निवड कोणती?

आता आपल्या १,२०० किलोग्रॅमच्या ट्रेलरचा निकाल देऊ. तो फक्त डांबरी रस्त्याने, निरनिराळ्या मोटारींमागे जाणार असता, तर रेट्याचा ब्रेक पुरेसा होता. पण त्याला मातीचे उतार उतरायचे आहेत. तेव्हा रेटा बसण्याआधी लागणारा आणि चालकाला वेगळा लावता येणारा ब्रेक हवा. म्हणजे विजेचा. चाके मोठी, म्हणून ड्रम १२ इंची. रात्री उभा ठेवण्यासाठी हँडब्रेक. आणि कायद्याची सक्ती नसली तरी सुटका-खटका आणि त्याची छोटी बॅटरी. कारण जोडणी उतारावरही निसटू शकते. हे ड्रम साध्या हत्यारांनी उघडता येतात आणि शू, चुंबक घरच्या घरी बदलता येतात, हेही वस्तीपासून दूर असताना लाखमोलाचे. ट्रेलर याच्या दुप्पट जड असता, किंवा वारंवार खोल पाण्यातून जायचा असता, तर खर्च सोसून डिस्क ब्रेक घेणे योग्य ठरले असते.

पाहा, 'सर्वांत चांगला ब्रेक' असा कोठे मिळत नाही. वजन किती, चाक केवढे, उतार कसा, पाणी किती, या प्रश्नांची उत्तरे बदलली की ब्रेकही बदलतो.

करून पहा

एक मीटर लांबीची फळी तिरकी ठेवा. दोन खेळण्यातल्या गाड्या एका ताठ काडीने, पण दोन्ही टोके सैल वळतील अशा जोडा. मागच्या गाडीत थोडे खिळे भरा. पुढच्या गाडीची मागची चाके चिकटपट्टीने अडवून दोन्ही गाड्या थोड्या तिरक्या करून सोडा आणि मागची गाडी काय करते ते पाहा. नंतर पुढची चाके मोकळी करून मागच्या गाडीची चाके अडवा. दोन्ही वेळी गाड्यांमधला कोन वाढतो की कमी होतो, हे वहीत नोंदवा. फळीचा उतार आणि खिळ्यांचे वजन बदलूनही पाहा.

आणि आणखी एक निरीक्षण. हे ऑस्ट्रेलियाचे झाले. पण उसाच्या हंगामात आपल्याकडेही एका ट्रॅक्टरमागे भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याकडे जाताना दिसतात. गाडी उभी असेल तेव्हा, चालकाला विचारून, ट्रॉलीच्या चाकाशी वाकून पाहा. तेथे ब्रेक आहे का? असेल तर चालकाच्या पायाचा निरोप तेथपर्यंत केबलने जातो, तेलाने की हवेने? आणि नसेल, तर उतारावर त्या उसाला कोण थांबवते? उत्तर तुम्हाला आता ठाऊक आहे. म्हणूनच उतारावर अशा गाडीच्या पुढे किंवा बाजूला सायकल कधीही चालवू नका.